इराच्या नावाने

मेधाला तिच्याच मरणाबद्दल सांत्वनाचा निरोप आला तेव्हा ती पोहे भिजवत होती. लॅपटॉप ओट्यावरच उघडा होता. सिंगापूरला सात वाजेपर्यंत उजाडत नाही, त्यामुळे हौगांगमधल्या त्या अकराव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या ब्लॉकच्या कॉरिडॉरमधले पांढरे दिवे तेवढे दिसत होते. 'इरा, मला फार वाईट वाटलं गं. तू इतके दिवस बोलली नाहीस. तुझी आई कशी होती, ते कधीतरी सांगशील मला?' असं इंग्रजीत लिहून आलं होतं. मेधाने ते दोनदा वाचलं. मग तिने डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं टेकवली. नाडी लागत होती. आपण हे काय करतोय असं वाटून तिने हात पदराला पुसायला नेला आणि अंगात गाऊन आहे हे लक्षात आल्यावर तसाच खाली सोडला. हा निरोप लिहिणारी हॅना अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात शिकणारी मुलगी. आपण सिंगापूरच्या इराशी बोलतो आहोत अशी तिची समजूत. इरा म्हणजे मेधाची मुलगी, ती आतल्या खोलीत गाढ झोपलेली. आणि इराच्या नावाने हॅनाशी गेले दोन महिने बोलत होती ती मेधा. आज हॅनाने लिहिलं की तिची आई जाऊन दोन वर्षं झाली, सणाला ती आता घरी जात नाही. त्यावर मेधाच्या बोटांनी 'माझीही' असं लिहून पाठवलं. ठरवून नव्हे. कोणी रडायला लागलं की आपला हात आपोआप त्याच्या पाठीवर जातो, तितक्याच सहज. पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की जी गेली म्हणून आपण कळवलं, ती बाई इथे उभी राहून पोहे निथळते आहे.

मेधाची आई म्हणायची, घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष ऐकत असतो आणि तथास्तु म्हणतो. मेधाने मनातल्या मनात स्वतःची समजूत घालून पाहिली. घर भाड्याचं, घरमालक चिनी, आणि बोलले कुठे, नुसतं टाईप केलं, तेही इंग्रजीत. मग तिला वाटलं, इथल्या वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नसेल तर कुणाला येणार. तिला हसू आलं, पण हसण्याचा आवाज त्या अंधारातल्या स्वयंपाकघरात नको इतका मोठा वाटला. तिने लॅपटॉप मिटला आणि कांदा चिरायला घेतला.

सुरुवात झाली ती यादीपासून. जुरोंग ईस्टला एका ऑफिसच्या इमारतीत विनीता नावाच्या बाई बसतात. मूळच्या पुण्याच्या, तोंडाने फटकळ, आणि सिंगापूरच्या निम्म्या मराठी मुलांना परदेशी कॉलेजांत घालणाऱ्या. त्यांच्यासमोर इरा गळ्यात इअरफोन लटकवून बसली होती आणि मेधा पर्स मांडीवर घट्ट धरून. "डॉक्टर व्हायचंय ना? मग आधी एक समजून घ्या," विनीताबाई म्हणाल्या. "अमेरिकेत शाळा संपली की लगेच मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची साधी पदवी, त्यात बायोलॉजी-केमिस्ट्री ठरलेली, मग मेडिकल. त्या चार वर्षांना प्रीमेड म्हणतात. परदेशी मुलांना पुढे घेणारी मेडिकल कॉलेजं मोजकी. म्हणून नावाला भुलायचं नाही. तिथे मार्क चांगले राहतील का, जवळ हॉस्पिटल आहे का, प्रोफेसर मुलीला नावाने ओळखतील का, ते बघायचं." मग त्यांनी तीन गट पाडले. रीच, टार्गेट, सेफ्टी. मेधाने घरी येऊन त्यांना आपली नावं ठेवली, स्वप्नातली, बेताची आणि हमखास. तिच्या मावसबहिणीचं लग्न ठरवताना काकांनी अशीच स्थळांची वर्गवारी केली होती, आणि हातचं म्हणून बाजूला ठेवलेल्या सांगलीच्या स्थळाशीच शेवटी तिचं लग्न झालं होतं. "यादीचा तोल साधला पाहिजे," विनीताबाई सांगत होत्या. "आणि सेफ्टीत असं कॉलेज टाकायचं, जिथे खरंच राहावंसं वाटेल. सगळे तिथेच चुकतात. स्वप्नांवर महिने घालवतात आणि सेफ्टी पाच मिनिटांत उरकतात." मेधाने मान डोलावली आणि घरी येऊन सेफ्टी पाच मिनिटांतच उरकली. बर्फाळ प्रदेशातलं एक लहान कॉलेज, गावात एकच रस्ता, त्या रस्त्याच्या टोकाला हॉस्पिटल. इराला विचारलं तर ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "एनीथिंग लाह, मम. यू चूज."

गुरुप्रसादचा त्या संध्याकाळी फोन आला. मेधाचा नवरा मालवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर होता. वर्षातले सात-आठ महिने तो घरात आवाजाच्याच रूपाने असे. कधी कधी त्याचं जहाज सिंगापूरच्याच किनाऱ्याबाहेर नांगर टाकून उभं राही, पण खाली उतरायची परवानगी नसे. मग तो म्हणे, ईस्ट कोस्टला जाऊन बघ, उजवीकडे जे तांबडं जहाज दिसेल त्यात मी आहे. मेधा जायची, बघायची आणि दिसलं म्हणून सांगायची, कुठलं ते तिला कधीच कळलं नव्हतं. यादी ऐकून तो म्हणाला, "बरोबर आहे. रिकामं जहाज समुद्रात घालता येत नाही, कलंडतं. तळाच्या टाक्यांत पाणी भरून घ्यावं लागतं. तुझी ती हमखासवाली कॉलेजं म्हणजे ते पाणी. पोचलं की सोडून द्यायचं." मग नेहमीप्रमाणे त्याने अर्धा तास त्या पाण्याचंच सांगितलं. एका बंदरात भरलेलं पाणी दुसऱ्या बंदरात सोडताना फार सांभाळावं लागतं, कारण त्यात पहिल्या बंदरातले जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. नव्या पाण्यात ते असे फोफावतात की तिथले मूळचे जीव नाहीसे होतात. मेधा हो हो करत राहिली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिला ते बोलणं आठवायला लागलं.

मुलीने डॉक्टर व्हावं असा हट्ट मेधाने धरला नव्हता. इतकंच, की इरा चार वर्षांची असताना कुणीतरी विचारलं, तिने डॉक्टर म्हटलं, सगळे हसले, आणि त्यानंतर घरात दुसरा शब्द कुणी काढलाच नाही. मेधा स्वतः मिरजेला मेडिकलला दीड वर्ष होती. का सोडलं याचं तिने घरच्यांना दिलेलं कारण, झेपत नाही, हे होतं, आणि ते सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलं याचा तिला अजून राग येई. झेपत होतं. पण शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये तिला वाटायचं, टेबलावरचा माणूस आपल्यामुळे अवघडून गप्प पडला आहे. आपण गेलो की तो सुस्कारा टाकेल. शेजारच्या मुली डबा खात, पेपर सोडवत, आणि ही दारातून बाहेर पडताना मागे वळून बघत असे. हे तिने गुरुप्रसादलाही सांगितलं नव्हतं. तसं विचारलं कुणी होतं?

विनीताबाईंनी जाता जाता एक गोष्ट सांगितली होती. लहान कॉलेजं बघतात, मुलगी रस घेते का. मेल उघडते का, ऑनलाइन टूरला येते का, प्रश्न विचारते का. इराच्या परीक्षा तोंडावर होत्या. मेधा म्हणाली, ते मी बघते. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. इराच्या वह्यांना कव्हरं तिने घातली होती, शाळेच्या प्रोजेक्टचं थर्माकोल तिने कापलं होतं, ज्वालामुखीत सोडासुद्धा तिनेच भरला होता. त्यातलंच हे एक. स्वप्नातल्या आणि बेताच्या कॉलेजांच्या टूर नुसत्या रेकॉर्ड केलेल्या होत्या. हमखास कॉलेजाची मात्र खरी होती. एक मुलगी हातात फोन धरून कॉलेजभर फिरते आणि पाहणारे लिहून प्रश्न विचारतात. एक दिवस सकाळी सहाला मेधा इराच्या नावाने, कॅमेरा बंद करून त्यात शिरली. तिथे अजून कालची संध्याकाळ होती. पिवळसर उन्हात एक हसऱ्या चेहऱ्याची, नाकावर ठिपके असलेली मुलगी उलटी चालत होती. तोंड आपल्याकडे, चाल पाठीमागे. पायऱ्या आल्या, वळण आलं, झाड आलं, ती न बघता बरोबर पाऊल टाकत होती आणि बोलत होती. मेधाचं लहानपण गुहागरला गेलं. तिथे मासे विकायला येणारी चंद्राक्का उलट्या पावलांच्या बायकांच्या हकिकती सांगायची, तेव्हा पोरं एकमेकांना चिकटून बसायची. इथे पावलं दिसतच नव्हती. फोनच्या चौकटीत कमरेपर्यंतच मुलगी होती. "सिंगापूरहून इरा आली आहे," ती म्हणाली, "हाय, इरा. तुमच्याकडे उद्या उजाडला का?" आणि त्या क्षणी घरात इरा नावाचं कुणीतरी आणखी एक येऊन बसल्यासारखं मेधाला वाटलं.

हॅनाने विचारलं, डॉक्टर का व्हायचंय? इराने हौगांगच्या एका वृद्धाश्रमात शाळेतर्फे महिनाभर काम केलं होतं. घरी येऊन ती "सो बोरिंग" याखेरीज काही बोलली नव्हती. मेधाने तो वृद्धाश्रम घेतला, त्यात एक आजी झोपवल्या आणि लिहिलं, झोपलेल्या माणसाचा हात जागेपणीपेक्षा जड लागतो. मी त्या आजींचा हात धरला तेव्हा मला भीती वाटली नाही, माझ्यामुळे त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये असं वाटलं. हॅना चालता चालता थांबली. तिने ते मोठ्याने वाचलं. टूर संपली, खिडकी बंद झाली आणि लिहिलेलं सगळं तिच्याबरोबर पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी हॅनाचा स्वतःहून निरोप आला. तुझ्याशी आणखी बोलायला आवडेल. नंतर रोजच. मेधा आधी बेतशीर उत्तरं द्यायची, मग मोठी द्यायला लागली. तिच्या निरोपांतल्या इराला सकाळी आल्याचा चहा लागायचा. ती कालव्याच्या कडेने एकटी फिरायची आणि पाण्यात उभे असलेले बगळे बघायची. आईला भरली वांगी करायला मदत करायची, घरात मराठीतच बोलायची, आणि माणसं मेल्यावरही त्यांच्याशी अदबीने वागावं असं तिला वाटायचं. खरी इरा चॉकलेटी माइलो प्यायची आणि दार लावून घ्यायची. मिरज न सोडलेली मेधा जशी झाली असती, तशी ती पत्रातली इरा होती. मेधाला हे कळत नव्हतं असं नाही. पण उठल्याबरोबर कुणीतरी आपल्याला काय वाटतं ते विचारतंय, ही गोष्ट तिला फार आवडत होती. ती त्यासाठी गजराच्या आधी जागी व्हायची. इराशी अशी पानभर ती कधी बोलली होती, ते तिला आठवेना.

पोह्यांना फोडणी पडली तेव्हा मागे पावलं वाजली. इरा शाळेचा गणवेश घालून उभी होती. मेधाने सवयीने माइलोच्या डब्याला हात घातला. "आई, चहा आहे?" इराने विचारलं. मेधा वळली. "चहा? तुला?" "हो. आलं घाल थोडं. नाहीतर बस तू, मी टाकते." एवढं सरळ मराठी वाक्य या मुलीच्या तोंडून कितीतरी वर्षांत आलं नव्हतं. तिने आल्याचा तुकडा घेतला, साल काढली, किसला. बोट किसणीला लागेल म्हणून मेधा पुढे झाली, पण हात सरावाचा होता. अगदी मेधासारखा. दोघी टेबलाशी बसल्या. इरा दोन्ही हातांनी कप धरून फुंकर घालत म्हणाली, "रात्री झोप लागली का तुला?" मेधाने हो म्हटलं. शेजारपाजारच्या ज्या मुलींची उदाहरणं देऊन तिने इराला टोचलं होतं, तशी मुलगी आज टेबलाशी बसली होती, आणि मेधाला वाटलं, हिने आत्ता "आय्या, मम, सो हॉट लाह" असं काहीतरी म्हणून कप ढकलून द्यावा.

ती तसं म्हणाली नाही. त्या दिवसापासून इरा जेवलेलं ताट उचलू लागली, कपड्यांच्या घड्या घालू लागली, मेधा बाहेरून आली की पाणी आणून देऊ लागली. इअरफोन खणात गेले. खोलीचं दार उघडं राहू लागलं, आणि उघड्या दारातून आत बघायला मेधा बिचकू लागली. मोबाइलवर मेधाने गुरुप्रसादला सांगितलं, तर तो खूश झाला. "मोठी झाली पोरगी. तुला कशाचंच सुख नाही बघ." तक्रार तरी काय करणार? मुलगी फार चांगली वागते? पण ते चांगलं वागणं चार दिवसांसाठी दुसऱ्याच्या घरी राहायला आलेल्या मुलीचं होतं. अदब होती, हक्क नव्हता. रागावणं नव्हतं. मेधाने एकदा मुद्दाम तिचा आवडता जुना टी-शर्ट पुसायला काढला. इरा बघत राहिली आणि म्हणाली, "चालेल." मग मेधाच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. बरेच दिवस झाले, इराने तिला कशानेच हाक मारली नव्हती. मम तर गेलंच होतं. आईसुद्धा गेलं होतं. ती जवळ येऊन बोलायला लागायची, हाकेवाचून.

दिवाळीच्या खरेदीला मेधा एकटीच लिटिल इंडियाला गेली. तिथल्या एका चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानाच्या स्वच्छतागृहात तिने नळाखाली हात धरला तर पाणी येईना. शेजारच्या नळाखाली धरला, तिथेही नाही. एक तमिळ बाई आली, तिने त्याच नळाखाली हात नेला आणि धो धो पाणी आलं. मेधाने पुन्हा आपला हात पुढे केला. नळ कोरडा. सेन्सर बिघडला असेल, हात सावळे आणि थंड असले की होतं असं, तिने स्वतःला सांगितलं. बाहेर पडताना सरकतं दार तिच्यासमोर उघडलं नाही, मागून एक कुटुंब आलं तेव्हा त्यांच्यासाठी ते उघडलं आणि त्यांच्याबरोबर ती बाहेर आली. रस्त्यात मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास होता, मिठाईच्या दुकानात गर्दी होती. तिने चिवड्यासाठी पोहे मागितले. दुकानदाराने तिच्या मागच्या माणसाला विचारलं, आपको क्या चाहिए? यात काही नवल नव्हतं, दिवाळीच्या गर्दीत असंच होतं. पण मेधा काही न घेता परतली, आणि मेट्रोत उभी असताना काळ्या काचेत आपला चेहरा सापडेपर्यंत तिने श्वास धरून ठेवला होता. चेहरा सापडला. थकलेला होता, पण होता.

त्या संध्याकाळी तिने ठरवलं, ते कॉलेज यादीतून काढायचं. हॅनाला खरं सांगण्याचा विचार तिने आधी केला होता. बसून लिहिलंही होतं, मी इराची आई आहे आणि मी जिवंत आहे. ते वाक्य वाचताना तिलाच शंका येई. शिवाय ते कळलं तर लबाडी उघडी पडेल आणि इराचं नाव खराब होईल. त्यापेक्षा यादीच्या तळाचं एक नाव खोडलं की सगळं आपोआप विरून जाईल. ती इराही, आणि तिची मेलेली आईही. तिने विनीताबाईंना फोन लावला. "आता कसं काढणार?" त्या म्हणाल्या. "इराने तिथला अर्ज परवाच पाठवला. सगळ्यांत आधी. आणि निबंध काय लिहिलाय! मी एवढ्या मुलांचे वाचते, पण हा वाचून मलाच भरून आलं. तुम्ही वाचला नाही?" मेधा इराच्या खोलीच्या दाराशी गेली. इरा टेबलाशी पाठमोरी बसून वाचत होती.

"ते शेवटचं कॉलेज," मेधा म्हणाली, "तिथे अर्ज का केलास? आपण काढून टाकणार होतो."

"नको. राहू दे."

"तुला काय माहीत आहे त्याच्याबद्दल?"

इराने पेन खाली ठेवलं. गावातला एकच रस्ता, टोकाचं हॉस्पिटल, प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसणारी नदी, हॅनाच्या कुत्र्याचं नाव, सगळं तिने शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "लॅपटॉप एकच आहे आपला."

"कधीपासून वाचतेस?"

"पहिल्या दिवसापासून. ती छान आहे."

"हॅना?"

"इरा," ती म्हणाली.

मेधा पलंगाच्या कडेवर बसली. माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं ते चुकून, असं ती सांगायला लागली. इरा उठून तिच्याजवळ आली. "असू दे," ती म्हणाली. "ते आता बदलायचं नाही. हॅनाला किती वाईट वाटेल. मी तिला माझ्या फोनवरून तुझ्याबद्दल लिहिते ना हल्ली. तू कशी होतीस ते. तिला आवडतं." मेधाला हात वर करावासा वाटला, तो होईना. इरा हळूच पुढे म्हणाली, "आणि तू लिहिलंस ते खरं आहे. झोपलेल्या माणसाचा हात खरंच जड असतो. मी तुझा धरून पाहिला." मेधा तिच्याकडे बघत राहिली. ते वाक्य निरोपांत नव्हतं. ते टूरच्या सकाळी लिहिलेलं, खिडकीबरोबर पुसलं गेलेलं. त्या वेळी इरा या खोलीत, दार लावून झोपलेली होती.

त्यानंतर तिने लॅपटॉपला हात लावला नाही. सकाळी ती उठायची तेव्हा इरा आधीच ओट्याशी उभी राहून टाईप करत असायची, अंधाराकडे पाठ करून, मेधा उभी राहायची तशीच एका पायावर भार टाकून. पहिले काही दिवस मेधाला निदान एवढं वाटलं की आपण बाजूला झालो म्हणजे आपली मुलगी यातून बाहेर येईल. तिला ती परत हवी होती. बाकी काही नको होतं, डॉक्टरकीही नको. एकदा तिने तसं बोलूनही दाखवलं. "तुला दुसरं काही करायचं असेल तर कर. मला चालेल. बाबांना मी सांगेन." इरा प्रेमळपणे हसली. आजारी माणसाने काहीतरी बोलावं आणि आपण ऐकून घ्यावं, तसं. "दुसरं काय?" ती म्हणाली. आणि मेधा आठवत राहिली, या मुलीला दुसरं काय आवडत होतं. एकही गोष्ट नक्की सांगता येईना. पत्रातल्या इराचं तिला सगळं पाठ होतं.

मार्चअखेर निकाल लागले. स्वप्नातल्यांपैकी एकाने हो म्हटलं, बेताच्या बहुतेकांनी म्हटलं. गुरुप्रसाद कुठल्याशा बंदरातून ओरडूनच बोलत होता, जहाजावर त्याने पेढे म्हणून बर्फी वाटली होती. मोठ्या कॉलेजाचं नाव तो पुन्हा पुन्हा घेत होता. इराने सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मी तिथे नाही जाणार. मी त्या लहान कॉलेजात जाते." "अगं, ते नुसतं तळाचं पाणी होतं. पोचलो की सोडायचं," तो म्हणाला. "तिथे मला ओळखतात," इरा म्हणाली. विनीताबाई आधी वैतागल्या, मग म्हणाल्या, इतक्या वर्षांत माझं पूर्ण ऐकणारी ही पहिली मुलगी. सेफ्टीवर असा जीव लावला पाहिजे. त्या मेधाचं अभिनंदन करायला विसरल्या.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी हॅनाने चेहरे दाखवून बोलायचं ठरवलं. तिथे सकाळ होती. इराने दिवाणखान्यात टेबलावर लॅपटॉप मांडला, केस विंचरून सैल वेणी घातली. मेधा स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. बाहेरून दोन मुलींच्या बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. खाली ब्लॉकच्या अंगणात कुणाची तरी मुलं सायकली फिरवत होती. इराचा आवाज मोकळा होता, इतका मोकळा आवाज या घरात मेधाने कधी ऐकला नव्हता, आणि तो ऐकायला म्हणूनच ती हातातली पोळी तव्यावरून उतरवून दारात आली. तिला पुढे यायचं नव्हतं. पण लॅपटॉपच्या डोळ्याला ती दिसली. हा एवढा एक सेन्सर चालू निघाला.

"तुझ्या मागे कोण आहे?" हॅनाने विचारलं.

इराने वळून पाहिलं. मेधाच्या ओठांवर तो शब्द आला होता. मदर, इतका सोपा, लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात तो. तिने इराच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे भीती नव्हती, विनवणी नव्हती, दटावणंही नव्हतं. ओळखही नव्हती.

"माझी मावशी," इरा म्हणाली. "आईची बहीण. तीच माझं सगळं करते."

हॅनाचा चेहरा एकदम मऊ झाला. तिने मेधाला हात केला. "मला तुम्हाला भेटायचंच होतं. इराने तिच्या आईबद्दल इतकं लिहिलंय, मला त्या माहितीतल्या वाटतात. त्या आज असत्या तर त्यांना किती आनंद झाला असता."

तव्यावरच्या पिठाचा करपट वास यायला लागला होता. मेधाने पिठाचे हात पाठीमागे नेले. "हो," ती इंग्रजीत म्हणाली. "फार झाला असता. तिने या मुलीसाठी खूप केलं." आणि बोलता बोलता तिला त्या बाईसाठी खरोखरच रडू आलं. हॅनाही रडली. दोघींची समजूत इराने घातली.

बोलणं संपलं. इराने लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ त्यावर हात ठेवून बसली. घरात आता तिसरं कुणी नव्हतं, कुणासाठी काही निभावून न्यायचं उरलं नव्हतं. मेधा वाट पाहत उभी राहिली. इरा उठली, तिच्याजवळ आली आणि तिच्या गालावरचं पीठ तिने बोटाने पुसलं.

"मावशी," ती म्हणाली, "तू जेवलीस?"

मेधाने खोलीत एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग तिनेच उत्तर दिलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी थांबले होते."